पाठमोरे प्रेक्षक

मॅलकी टूहीने उभ्या आयुष्यात क्रिकेटचा एकच सामना पाहिला होता, आणि तोही सामन्याकडे पाठ करून.

आपल्याकडच्या माणसाला हे पटायचं नाही. पण मॅलकी आयर्लंडातल्या ज्या क्लेअर परगण्यात वाढला, तिथे त्या काळी हर्लिंग हा तिथला काठी-चेंडूचा खेळ खेळणाऱ्या माणसाने क्रिकेटला शिवायचं नाही, असा त्या खेळाच्या संघटनेचा नियमच होता. खेळायचं तर नाहीच, पण कडेला उभं राहून बघायचंही नाही. साहेबाचा खेळ, बघताना सापडलात तर सहा महिने घरी बसा. आणि कोण बघतंय हे बघायला संघटना आपली माणसं पाठवत असे. मॅलकी हा असा पाठवलेला माणूस. एका शनिवारी तो मैदानाच्या कडेच्या झुडपात चार तास उकिडवा बसला, खेळाकडे पाठ आणि डोळे प्रेक्षकांवर. पाठीमागे टाळ्या पडत होत्या, कुणी बाद होत होतं, कुणाचं शतक होत होतं. मॅलकीने मान म्हणून वळवली नाही. समोर पॅकी मिनोग बसला होता. पॅकी म्हणजे मॅलकीच्याच संघातला, गोल करण्यात पटाईत असा गडी, आणि लहानपणापासूनचा दोस्त. तो पाय पसरून काकडीचं सँडविच खात क्रिकेट बघत होता.

मॅलकीने वहीत नाव लिहिलं. पॅकीला सहा महिने मिळाले. त्याच सहा महिन्यांत परगण्याचा अंतिम सामना आला आणि गाव एका गोलने हरलं. पुढे दोन वर्षांनी मॅलकीचं लग्न झालं ते पॅकीच्या बहिणीशी, नोनीशी. चर्चच्या दारात पॅकीने नवरदेवाशी हात मिळवला, पण डावा.

नोनीने नवऱ्याच्या पुष्कळ गोष्टी पोटात घातल्या. ही एक नाही. तिने कधी भांडण काढलं नाही, आदळआपट केली नाही. फक्त घरात काकडी आली, की तिची पातळ चकती कापून ती मॅलकीच्या ताटलीत मधोमध ठेवायची आणि समोर बसून जेवायची.

पंचावन्न सालच्या ईस्टरला दोघं दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट टॅन्डीला आले. बोटीच्या कठड्याशी उभं राहून दोघांनी करार केला होता. मॅलकी म्हणाला, दोन वर्षं बघू. तिथे हर्लिंग नसेल तर सत्तावनच्या ईस्टरला परत. नोनी बरं म्हणाली, कारण माणूस काठी आणि चेंडूसाठी अर्धं जग परत ओलांडेल असं तिला वाटलं नव्हतं. नंतर पोर्ट टॅन्डीला तिला परसात टोमॅटो आले, कपडे तासाभरात वाळू लागले, छातीतली जुनी घरघर पहिल्याच उन्हाळ्यात गेली, आणि तिच्या लक्षात आलं की आता आपल्याला परत जायचं नाही. तेव्हाच हेही लक्षात आलं, की नवरा कामावरून मिळालेल्या रेल्वेच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारतोय.

तेव्हा पोर्ट टॅन्डी हर्लिंग क्लब मॅलकीने काढला असं फलकावर लिहिलं असलं, तरी तो खरा नोनीने काढला. "इथे नाही म्हणतोस ना? मग काढ," असं ती एका सकाळी अंडी उकडता उकडता म्हणाली. अंडी उकडेपर्यंत क्लब निघाला होता. अध्यक्ष मॅलकी, चिटणीस मॅलकी, आणि उपाध्यक्ष मॉसी क्वर्क, कारण तो त्या वेळी दारात उसना हातोडा परत द्यायला आला होता.

मॉसी गोदीवर कामाला होता आणि टिपरेरी परगण्याचा होता. क्लेअर आणि टिपरेरीमध्ये एक नदी आहे आणि काही शतकांचं वाकडं आहे. त्यामुळे पहिल्याच सभेत पोशाखाच्या रंगावरून अडलं. क्लेअरचा रंग केशरी आणि निळा. टिपरेरीचा निळा आणि सोनेरी. त्रयस्थ माणसाला दोन्ही सदरे शेजारी वाळत घातले तर कुठला कुणाचा हे सांगता यायचं नाही. पण मॅलकी म्हणे केशरी, मॉसी म्हणे सोनेरी, आणि तीन आठवडे क्लबने दुसरं काही केलं नाही. शेवटी मॅलकी कामावर गेला असताना नोनीने रेल्वेच्या भांडारातून बाद झालेल्या सिग्नलच्या निशाणांचं कापड मागून आणलं आणि पंधरा लालभडक सदरे शिवून टाकले. लाल हा कॉर्क परगण्याचा रंग. तो बघितल्यावर मॅलकी आणि मॉसी आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला आले. पण सदरे शिवून झाले होते आणि नोनीच्या तोंडात अजून टाचण्या होत्या, त्यामुळे कुणी फार बोललं नाही.

सदरे पंधरा, कारण संघ पंधरांचा; पण मॅलकी सोडून माणसं अकरा. पोर्ट टॅन्डीच्या गोदीत, भट्टीवर, रेल्वेत मिळून जेवढे आयरिश होते तेवढे सगळे पकडून आणले तरी अकराच. त्यातल्या प्रत्येकाची परगण्याच्या संघात निवड होता होता राहिली होती. कुणाचा गुडघा, कुणाची आजी, कुणाचा निवड समितीतला शत्रू. मॅलकीने मनाशी हिशेब केला, तर इतके थोर खेळाडू एका गावात जमल्यावर आयर्लंडात आता कोण खेळत असेल, याची त्याला काळजी वाटली.

माणसांपेक्षा मोठी अडचण काठ्यांची. हर्लिंगच्या काठीला हर्ली म्हणतात. कमरेएवढी लांब, खाली उलथन्यासारखी पसरट, आणि ती ॲशच्याच लाकडाची हवी. ते हलकं असतं आणि चिवट असतं. ऑस्ट्रेलियात ॲश मिळेना. तेव्हा शेजारच्या पेंगलीने कुंपणावरून सल्ला दिला.

विल्फ पेंगली साठीचा. गावच्या क्रिकेट मैदानाची राखण बावीस वर्षं त्याच्याकडे होती, क्रिकेट संघाचा कप्तानही तोच, आणि तो कडक मेथडिस्ट. दारू नाही, पत्ते नाहीत, रविवारी दोन वेळा प्रार्थना आणि मधल्या वेळात खुर्ची. ऑस्ट्रेलियात कुणाचंही नाव पुरतं उच्चारायची पद्धत नाही. त्याने पहिल्याच दिवशी मॅलकीचा मॅल करून टाकला. "गम वापर, मॅल," तो म्हणाला, "रेल्वेचे स्लीपर गमचेच असतात. तीस वर्षं टिकतात." मॅलकीने गमच्या, म्हणजे तिथल्या निलगिरीच्या, काठ्या केल्या. त्या टिकल्या यात शंका नाही. पण त्या काठीने चेंडू मारण्यापेक्षा काठी जमिनीवर ठेवून तिच्यावर चेंडू आपटणं सोपं होतं. समुद्रकाठच्या चिखलात पहिला सराव झाला, त्यात दोघांचे खांदे निखळले आणि मॉसीच्या हातून सुटलेली काठी चिखलात उभी रुतली. ती अजून तिथे आहे. होडीवाले तिला दोर बांधतात.

मग मॅलकीने क्लेअरला, आपल्या थोरल्या भावाला लिहिलं. भावाने ॲशच्या चार डझन काठ्या खोक्यात भरून बोटीने पाठवल्या. चार महिन्यांनी खोकं पोर्ट टॅन्डीच्या धक्क्यावर उतरलं आणि मिस्टर स्क्रिमजर यांच्या ताब्यात गेलं.

बंदरात बाहेरून येणाऱ्या लाकडाची, बियाण्यांची आणि किड्यांची तपासणी स्क्रिमजर करीत. ते पांढरा कोट घालत आणि हसत नसत. त्यांना एका काठीला भोक दिसलं. भोक म्हणजे भुंगा. भुंग्यावर धुरी देता आली असती, पण धुरीच्या अर्जात माल कशाचा आहे ते लिहावं लागे, आणि ते लिहिता येईना.

"हे कशासाठी असतं?" त्यांनी विचारलं.

"मारण्यासाठी," मॅलकी म्हणाला.

स्क्रिमजर यांनी 'शस्त्रे' या रकान्यावर बोट ठेवलं. मॅलकी घाईने म्हणाला, शस्त्र नाही, खेळ आहे. माणसाला लागतं कधीमधी, पण मुद्दाम नाही, म्हणजे बहुतेक वेळा नाही. खेळाच्या यादीत बॅट होती, रॅकेट होती, गोल्फच्या काठ्या होत्या. हर्ली नव्हती. यादीत नसलेला माल खेळाचा आहे हे अधिकाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहू नये, असं पोटकलम होतं. मॅलकी म्हणाला, एक काठी द्या, आत्ता दाखवतो. स्क्रिमजर म्हणाले, धुरी दिल्याशिवाय काठी बाहेर काढता येत नाही.  मॅलकीने टोपी घातली आणि तो घरी आला. नोनीने त्या दिवशी काकडी कापली नाही, यावरून त्याचं तोंड किती उतरलं होतं ते समजा.

एवढ्यात छप्पन साल संपलं. ॲडिलेडच्या आयरिश मंडळींनी पत्र पाठवलं, की आमचा संघ मार्चमधल्या एका रविवारी तुमच्याकडे यायला तयार आहे. मैदान, पंधरा माणसं आणि काठ्या असतील तर कळवा. नसतील तर यादीतून तुमचं नाव काढतो. ईस्टर एप्रिलच्या एकवीस तारखेला होतं. मॅलकीने पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बोटकंपनीकडून परतीच्या फेऱ्यांचा कागद आणला. तो त्याने फडताळात पिठाच्या डब्यामागे ठेवला. बायको रोज ज्या डब्यातून पीठ काढते त्याच्यामागे वस्तू लपवणारा हा माणूस एकेकाळी हेर होता, हे लक्षात घ्या.

नोनीने कागद बघितला, परत होता तसा ठेवला, हात धुतले आणि कुंपणाशी गेली.

गावात मैदान एकच, पेंगलीचं. तिथे शनिवारी क्रिकेट, आणि थंडी पडली की फुटबॉल. राहिला रविवार. आणि फाटकावर पाटी होती, की विश्वस्तांच्या आज्ञेने रविवारी हे फाटक उघडले जाणार नाही. नोनीने पेंगलीला टोमॅटो दिले आणि रविवारची गोष्ट काढली. पेंगलीने टोमॅटो घेतले आणि सांगितलं, की रविवारी फाटक उघडायचा प्रश्नच नाही. आणि खरं म्हणजे आता शनिवारीसुद्धा उघडेल की नाही देव जाणे. घोडागाडीच्या शर्यतीवाल्यांचा मैदानावर डोळा होता. क्रिकेट संघाला या मोसमात दोनदा अकरा माणसं जमली नव्हती. तिसऱ्यांदा असं झालं तर मैदान शर्यतीवाल्यांना द्यायचं, असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. येत्या शनिवारी शेजारच्या कुलीना गावाशी सामना, आणि धक्क्याला गव्हाची बोट लागलेली. गोदीतली सगळी पोरं जादा कामावर.

"किती आहेत तुमच्याकडे?" नोनीने विचारलं.

"दहा. माझ्यासकट."

 नोनी म्हणाली, "माझा नवरा शनिवारी मोकळा असतो."

ती संध्याकाळ टूहींच्या घरात फार शांततेत गेली. मैदानच गेलं तर रविवारही गेला, असं नोनीने सांगितलं, मॅलकीने ऐकलं, आणि मग तो नियमाबद्दल बोलला. चांगला अर्धा तास बोलला. शेवटी म्हणाला, "मी क्रिकेट खेळलो तर मी पॅकीला काय तोंड दाखवू?"

"ते तू त्याला गेली सात वर्षं दाखवतोच आहेस," नोनी म्हणाली. मग तिने पिठाच्या डब्यामागून तो कागद काढून टेबलावर ठेवला. "मी तुझ्याबरोबर परत येईन, मॅलकी. तसं ठरलंय. पण तू एका दुपारी पांढरी विजार घालायला तयार नव्हतास म्हणून मी आले, हे मला तिथल्या पावसात रोज आठवेल. आणि मला आठवलं की मी तुला आठवण करून देईन."

शनिवारी दुपारी एक वाजता मॅलकी टूही पेंगलीच्या धाकट्या भावाची पांढरी विजार घालून मैदानावर उभा होता. विजार चार बोटं आखूड होती. त्याने मनाशी एक तोडगा काढला होता. नियम काय, खेळायचं नाही आणि बघायचं नाही. अकरावा माणूस म्हणून नुसतं उभं राहायला कुठे ना आहे? पेंगलीने त्याला लांब सीमारेषेवर पाठवलं, आणि तिथे जाऊन मॅलकी खेळाकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. कुलीनाच्या लोकांना वाटलं, ही काहीतरी नवीन चाल आहे. त्यांच्या कप्तानाने दोन षटकं त्या बाजूला चेंडू मारायचंच टाळलं.

तिसऱ्या षटकात एक चेंडू सणसणत आला आणि मॅलकीच्या आखूड विजारीच्या मागच्या बाजूला लागून थांबला. चार धावा वाचल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मॅलकीने मान वळवली नाही. पण त्या टाळ्या आपल्यासाठी आहेत हे त्याला कळलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, असं नोनी सांगते. नंतर पुन्हा एक चेंडू उंच चढला. "मॅलकी, वर," एवढंच नोनी ओरडली. हर्लिंगच्या मैदानावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही हाक आली की मग नियम, संघटना, साहेब, कुणी आठवत नाही. मॅलकी गर्रकन वळला, उडाला, आणि डाव्या हाताने चेंडू आभाळातून काढला. काढला तो काढला. त्यांच्या खेळात चेंडू हातात आला की लगेच दूर धाडायचा असतो, तसा त्याने उजव्या तळव्याने फटका मारून तो साठ यार्डांवर पेंगलीच्या पोटात धाडला. पंच म्हणून स्क्रिमजर उभे होते, कारण गावात पांढरा कोट त्यांच्याच एकट्याकडे होता. त्यांनी बराच विचार करून बोट वर केलं.

कुलीनाच्या एकशे एकतीस झाल्या. पोर्ट टॅन्डीचे नऊ गडी बाद झाले तेव्हा जिंकायला पाच धावा हव्या होत्या. एका टोकाला पेंगली होता आणि तंबूत मॅलकी राहिला होता. पेंगली त्याला घ्यायला अर्ध्या वाटेपर्यंत आला. "मॅल," तो म्हणाला, "अकरा जमले, मैदान वाचलं. आता तू काही करू नकोस. बॅट धर आणि उभा राहा. पुढचं मी बघतो."

मॅलकीनेही तसंच ठरवलं होतं. तो बॅट धरून उभा राहिला. पण धरली ती हर्लीसारखी, उजवा हात वर आणि डावा मोकळा. कुलीनाचा गोलंदाज तगडा शेतकरी होता. त्याने असा उसळता चेंडू टाकला, की तो मॅलकीच्या कानापाशी घोंगावत आला.

पुढे काय झालं ते घडायला एक क्षण लागला आणि समजायला पोर्ट टॅन्डीला एक आठवडा. मॅलकीचा डावा हात आपण होऊन वर गेला. त्याने चेंडू झेलला, वीतभर हवेत उडवला आणि उजव्या हाताने बॅट सणसणीत फिरवली. चेंडू गोलंदाजाच्या डोक्यावरून गेला, सीमेवरून गेला, रेल्वेच्या रुळांवरून गेला, आणि धक्क्याला लागलेल्या गव्हाच्या बोटीच्या उघड्या पोटात पडला. ती बोट सोमवारी लिव्हरपूलला सुटली. साहेबाचा चेंडू साहेबाकडे परत पाठवणारा मॅलकी हा पहिला माणूस, असं मॉसी क्वर्क आजही सांगतो.

 कुलीनाचा यष्टिरक्षक हातमोजे तसेच धरून आभाळाकडे बघत होता. शेवटी त्यांच्या कप्तानाला शाळेत पाठ केलेला नियम आठवला आणि त्याने जरा अवघडूनच दाद मागितली. फलंदाजाने चेंडू हाताने धरला. स्क्रिमजर यांनी बोट वर केलं. मॅलकी शून्यावर बाद, पोर्ट टॅन्डी चार धावांनी पराभूत.

मॅलकी तंबूकडे निघाला तेव्हा त्याला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. नियम मोडला आणि सामनाही घालवला, दोन्हीकडून गेला. पण तंबूशी पोचायच्या आत त्याला दोन्ही संघांनी गराडा घातला. कुलीनाचा तो तगडा गोलंदाज म्हणत होता, ते पुन्हा करून दाखव. पेंगलीच्या संघातला एक पोरगा विचारत होता, ते हवेत उडवून मारायचं कुठे शिकवतात? मॅलकीने आधी मान खाली घातली. मग थोडी वर केली. मग त्याने बॅट घेतली आणि पाव तास हर्लिंग शिकवलं, साहेबाच्या हत्याराने. चहा आणि लॅमिंग्टन केक पुढे येईपर्यंत पोर्ट टॅन्डी हर्लिंग क्लबला चार नवे सभासद मिळाले होते. अकरा आणि चार पंधरा. त्या चौघांतल्या एकानेही आयर्लंड नकाशात पाहिलेलं नव्हतं, आणि म्हणून त्यातल्या एकाचीही परगण्याच्या संघात निवड राहिलेली नव्हती.

चहाच्या रांगेत स्क्रिमजर मागे उभे होते. "मिस्टर टूही," ते म्हणाले, "ती खोक्यातली वस्तू. ती यासाठीच असते?"

"हो."

"आता मी बघितलंय," स्क्रिमजर म्हणाले आणि केक घेऊन गेले. मंगळवारी चार डझन काठ्या धुरी देऊन घरी आल्या. अर्जावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: खेळाचे साहित्य, प्रत्यक्ष पाहिले. काठ्यांना कितीतरी दिवस गंधकाचा वास येत होता. मॅलकीला तो आवडू लागला.

पण मनात सल होता. त्याने पॅकीला पत्र लिहिलं. पॅकी आता तिकडे जुन्या गावच्या क्लबचा चिटणीस होता, तेव्हा कबुली त्याच्याकडेच द्यायला हवी. मी अमुक तारखेला क्रिकेट खेळलो, साक्षीदार दोनशे, शिक्षा कळवावी. आणि उत्तराची वाट न बघता त्याने स्वतःला सहा महिन्यांची शिक्षा ठोठावली, पॅकीला दिली तेवढीच. सहा महिने खेळायचं नाही आणि खेळ बघायचा नाही. नोनी म्हणाली, "अरे, तुझ्या क्लबचा पहिला सामना आहे." मॅलकी म्हणाला, "पॅकीचा अंतिम सामना होता."

 त्या दिवसापासून नोनीने काकडी कापणं बंद केलं.

राहिला रविवारचा प्रश्न. त्याबद्दल पेंगली एक अक्षर बोलला नाही. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो नेहमीसारखा मैदानावर गेला, मधल्या खेळपट्टीवर गोणपाट पसरून चारही कडांना खुंट्या ठोकल्या, हत्यारं आवरली, घरी आला, जेवला. बावीस वर्षांत तो कधी काही विसरला नव्हता. त्या शनिवारी तो फाटक लावायला विसरला. रविवारी उघडू नये अशी आज्ञा होती. रविवारी ते कुणी उघडलं नाही.

ॲडिलेडचा संघ सकाळच्या गाडीने आला. दुपारी पंधरा लाल सदरे मैदानात उतरले, आणि बाजूच्या रुळांवरून येणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरने एवढी लाल निशाणं एकदम बघून जागच्या जागी गाडी थांबवली. का थांबलोय ते कळल्यावरही ती पुढे काही हलेना. ड्रायव्हर मेयो परगण्याचा निघाला. गावचे कॅथलिक पाद्री फादर गिलफॉइल यांनी चेंडू आत टाकून सामना सुरू केला.

मॅलकी कुंपणाच्या बाहेर उभा होता, मैदानाकडे पाठ करून. हातात टोपी. आतून काठ्यांचा कडाकड आवाज आला. ॲशवर ॲश आपटल्याचा तो आवाज त्याने दोन वर्षांत ऐकला नव्हता. तो ऐकून त्याने टोपीची कड इतकी पिळली, की ती पुन्हा सरळ झाली नाही.

थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. पेंगली. रविवारचा काळा कोट, काखेत प्रार्थनेचं पुस्तक, आणि त्याचीही पाठ मैदानाकडे.

"फिरायला निघालो होतो," पेंगली म्हणाला.

"चांगली हवा आहे," मॅलकी म्हणाला.

दोघं रस्त्याकडे बघत उभे राहिले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. मॅलकीला पुष्कळ बोलायचं होतं. गेले कित्येक दिवस तो आभाराचं भाषण मनात जुळवत होता. त्यात फाटक होतं, विजार होती, परक्या मुलखातला शेजार होता. तो खाकरला आणि म्हणाला, "मिस्टर पेंगली, तुमच्या त्या पट्टीवर कुणी पाय ठेवणार नाही. मी सगळ्यांना शपथ घातलीय."

"माहीत आहे," पेंगली म्हणाला. "तुझ्या बायकोने सकाळीच तिच्याभोवती कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय."

आत आरडाओरडा झाला. दोघांच्याही माना ताठ झाल्या, पण वळल्या नाहीत. तेवढ्यात कुंपणातून नोनीचा हात बाहेर आला. हातात निळं हवाई टपालाचं पत्र, फोडलेलं.

"गुरुवारी आलंय," ती म्हणाली.

"आणि मला आज देतेस?"

"पॅकीने सहा महिने काढले. तू तीन दिवस जादा काढलेस, बास."

मॅलकीने पत्र उघडलं. पॅकी पूर्वीपासून थोडक्यात लिहिणारा. 'समितीने विचार केला. समिती म्हणजे मी. हा नियम बोटीच्या धक्क्यापर्यंत चालतो, त्यापुढे नाही. तेव्हा शिक्षा करता येत नाही याबद्दल मला अतिशय वाईट वाटतं. माझ्या बहिणीला तिथे बरं वाटतंय असं तिने लिहिलंय. तिला तिथेच ठेव. वेगळ्या खोक्यातून एक हर्ली पाठवतोय, माझी, अंतिम सामन्यासाठी करून घेतली होती ती. न वापरलेली आहे. ता. क. धावा किती काढल्यास?'

मॅलकीने ते पुन्हा वाचलं. नाक पुसलं. मग पत्र घडी करून छातीच्या खिशात ठेवलं, आणि सावकाश, अगदी सावकाश, मैदानाकडे वळला.

उन्हात लाल सदरे धावत होते. मॉसी क्वर्क कुणाच्या तरी अंगावर पडून नियम समजावत होता. पेंगलीच्या संघातला तो पोरगा चेंडू हाती आला की दर वेळी आधी पंचाकडे बघत होता आणि मग धडाक्याने मारत होता. मैदानाच्या मधोमध, दोरीच्या आत, गोणपाटाखाली, क्रिकेटची पट्टी निवांत झोपली होती, आणि तीसही माणसं धावता धावता तिला वळसा घालत होती. कुंपणाच्या आतून नोनी त्याच्याकडे बघत होती. कॅलेंडरवरची फुली आज सकाळी मारायची राहिली, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

शेजारी पेंगली अजून रस्त्याकडे तोंड करून उभा होता. त्याच्या रविवारला धक्क्याशी संपणारी सवलत नव्हती.

आत पुन्हा गिल्ला झाला. पेंगलीने घसा साफ केला. मॅलकी त्याच्या जवळ सरकला आणि, डोळे मैदानावर ठेवून, सांगू लागला. चेंडू मॉसीकडे आलाय. मॉसीने उचललाय, काठीवर तोलून धावतोय. डावीकडे तुमचा पोरगा मोकळा आहे. मॉसी बघत नाही. बघितलं. दिला. पोराने वर झेलला, डाव्या हाताने, अगदी मी केलं तसं, मिस्टर पेंगली, आणि आता तो उडवतोय, आता–

"हळू सांग, मॅल," पेंगली म्हणाला. "मी ऐकत नाहीये."